पहिल्या पंधरा मिनिटांत बोलून टाका: मुंबईत समुपदेशनाची प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी

दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सव्वासहाला कोणाला ओळख दाखवू नये, हे मला प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी कळलं. समोरून माझी एक क्लायंट येत होती. मी सवयीने हसले, हात केला. तिच्या शेजारी सासूबाई, हातात फुलबाजारातली पिशवी. 'कोण गं?' त्यांनी विचारलं. 'ऑफिसमधल्या आहेत,' ती म्हणाली. घरी गेल्यावर ऑफिसातल्या म्हणजे कोण, नाव काय, आजवर कधी बोलली कशी नाहीस, अशी उलटतपासणी झाली. पुढचं सेशन सगळं त्यावरच गेलं आणि त्यानंतर ती आली नाही.

ती चूक माझ्या हातून खरं तर पहिल्या सेशनलाच झाली होती. बाहेर गाठ पडली तर काय करायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

बारा वर्षांत माझ्याकडून जे जे बिनसलं ते मागे खणत गेले, तर बहुतेक वेळा असंच काहीतरी न बोललेलं सापडलं. माझी उपचारपद्धती चुकली म्हणून सोडून गेलेले क्लायंट असतीलही. पण फी, वेळ, आई, नवरा, व्हॉट्सॲप आणि वकील यांच्यापायी गेलेले मला नावानिशी आठवतात. म्हणून हा लेख सीबीटी बरी की आरईबीटी, या उपचारपद्धतींच्या वादावर नाही. एमए झालंय, इंटर्नशिप झालीय, आता स्वतःची खोली घ्यायचीय, अशा माणसासाठी तो आहे. यातल्या प्रसंगांचे तपशील मी इतके बदलले आहेत की त्यातल्या माणसालाही स्वतःची ओळख पटू नये.

पायरी पहिली: पाटीवर काय लिहायचं

'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' बसलेला आहे आणि अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. लोक उपदेश घ्यायला येतात, किंवा घरच्या कोणालातरी उपदेश करवून घ्यायला आणतात. 'मॅडम, जरा समजावा याला' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

त्यामुळे आपण कोण आहोत, याबरोबर आपण कोण नाही हेही सांगावं लागतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर असतात, ते औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला 1992च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नुसत्या एमएवर ती पाटी लावू नका, कोणी सहज तसं म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. 2021च्या केंद्रीय संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत समुपदेशकही आले आहेत, तेव्हा राज्य परिषदेच्या नोंदणीकडे लक्ष असू द्या. पीएचडी केली असेल तर नावामागचं 'डॉ.' जपून वापरा, कारण ते वाचून दुसऱ्याच सेशनला तुमच्यासमोर ब्लड रिपोर्ट ठेवला जातो.

औषधाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. 'अर्धी गोळी घेऊन बघू का?' या प्रश्नाला 'तुमच्या डॉक्टरांना विचारा' एवढंच उत्तर. ज्यांच्याकडे पाठवाल अशा दोन सायकियाट्रिस्टना प्रॅक्टिस सुरू करण्याआधी प्रत्यक्ष भेटून या. खासगी फी परवडत नसेल त्यांच्यासाठी परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि भायखळ्याला सरकारी जेजे आहे. ओपीडी कोणत्या वारी, केसपेपर कुठल्या खिडकीवर, हे एकदा स्वतः जाऊन बघा. 'केईएमला जा' असं सांगितलेला माणूस गेटवरून परत येतो. 'या गेटने आत जा, या खिडकीवर केसपेपर काढा' असं सांगितलेला डॉक्टरांपर्यंत पोचतो.

पायरी दुसरी: खोली

मुंबईत सुरुवातीला कोणी स्वतःची जागा घेत नाही. एखाद्या पॉलिक्लिनिकमधली खोली तासावर मिळते. मी पहिली खोली घेतली तेव्हा भाडं आणि स्टेशनपासूनचं अंतर पाहिलं, भिंत पाहिली नाही. भिंत प्लायवूडची होती आणि पलीकडे दाताचे डॉक्टर. एकदा माझी क्लायंट रडत असताना पलीकडून 'तोंड उघडा, अजून उघडा' असं ऐकू आलं. ती रडतारडता हसली खरी, पण नंतर तासभर कुजबुजतच बोलत राहिली.

खोली ठरवण्याआधी एका मैत्रिणीला आत बसवून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. शब्द कळत असतील तर ती खोली नको. दुसरी गोष्ट रिसेप्शनची. टेबलावर उघडं रजिस्टर, त्यात नाव आणि 'काऊन्सेलिंग' हा कॉलम, आणि रिसेप्शनवरचा मुलगा मोठ्याने नाव पुकारतोय, हे सगळं बदलून घ्या. माझ्या क्लायंटची तिथे फक्त वेळ लिहिलेली असते. दोन सेशनमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. नोंद लिहून होते आणि एकाच सोसायटीतले दोघं बाकावर शेजारीशेजारी येत नाहीत. माझ्याकडे तसे एकदा आले होते.

घरातल्याच एका खोलीत सुरू करायचा मोह होतो. सोसायटीची परवानगी, घरातल्यांची वर्दळ, कुकरची शिट्टी हे सगळं धरून विचार करा. माझं मत विचाराल तर, नको.

पायरी तिसरी: पहिली पंधरा मिनिटं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

समोरची व्यक्ती भरून आलेली असते. महिनाभर धीर गोळा करून, बेलापूर किंवा वसईहून गर्दीतून येऊन ती बसलेली असते. अशा वेळी नियम काय सांगत बसायचे, असं वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारते, 'इथपर्यंत आलात, आज काय झालं म्हणून?' पाचेक मिनिटं ऐकते. मग म्हणते, 'पुढे जाण्याआधी मला थोडं सांगायचंय, कारण ते कळल्यावर काय सांगायचं आणि काय नाही हे तुम्हाला ठरवता येईल.'

मग जे बोलते ते जवळजवळ शब्दशः असं:

'आपण जे बोलू ते इथेच राहील. तुमच्या घरच्यांनी फोन केला तर तुम्ही इथे येता की नाही हेसुद्धा मी सांगणार नाही. तीन प्रसंगी मात्र मला बाहेर बोलावं लागेल. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं तर. आणि न्यायालयाने आदेश दिला तर. शक्य असेल तेव्हा आधी तुम्हाला सांगेन, मगच बाहेर बोलेन. मी माझं काम एका अनुभवी व्यक्तीला दाखवते, पण तुमचं नाव न सांगता. बाहेर कुठे भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवेन. आपलं सेशन पन्नास मिनिटांचं. यायचं नसेल तर आदल्या दिवशी याच वेळेपर्यंत कळवायचं, नाहीतर फी द्यावी लागेल. गाड्या बंद पडल्या, पाणी भरलं तर ती फी नाही. यातलं काही खटकलं का?'

शेवटचा प्रश्न गाळू नका. एका बाईंनी त्यावर विचारलं होतं, 'म्हणजे माझ्या भाचीबद्दल सांगितलं तर तुम्ही पोलिसांत जाणार?' त्यांना आधी विचार करायचा होता आणि तो हक्क त्यांचा होता. दोन आठवड्यांनी त्या स्वतः भाचीच्या आईला घेऊन आल्या. तक्रार कशी करायची हे आम्ही तिघींनी मिळून ठरवलं आणि ती त्याच दिवशी झाली.

ही सक्ती येते ती 2012च्या पॉक्सोतून, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यातून. त्याच्या कलम 19प्रमाणे अशी माहिती असणाऱ्या कोणीही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायची असते. न कळवल्यास कलम 21खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'समुपदेशक आहे, गोपनीयता पाळायची होती' ही सबब तिथे चालत नाही. खरी कसोटी लागते ती सतरा वर्षांच्या मुलीने राजीखुशीच्या प्रेमसंबंधाबद्दल सांगितलं तर. कायदा अठराखालची संमती मानत नाही. मुलांना हे माहीत नसतं आणि सांगून झाल्यावर त्यांना कळलं तर तो विश्वासघातच वाटतो. म्हणून कॉलेजातल्या मुलांना ही अट मी जास्तच सोप्या शब्दांत, उदाहरण देऊन सांगते.

आता आई. बारावीतल्या एका मुलीला तिची आई घेऊन यायची, बाहेर बसायची. सेशन संपलं की मुलगी चप्पल घालेपर्यंत आई हळूच विचारायची, 'काय म्हणाली?' मी एकदा म्हटलं, 'चांगली बोलली आज. काळजी करू नका.' एवढंच. रिक्षात आईने मुलीला सांगितलं, 'मॅडम म्हणत होत्या तू चांगली बोललीस.' मुलीने पुढच्या वेळी पन्नास मिनिटं खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या दृष्टीने मी फितूर झाले होते.

आता पहिल्या दिवशी दोघींना समोर बसवून सांगते, 'आई, तुमची काळजी मला कळते. पण सेशननंतर मला काही विचारू नका, मी सांगणार नाही. महिन्यातून एकदा आपण तिघी बसू. त्यात काय बोलायचं हे हिच्याशी आधी ठरवेन. जिवाला धोका वाटला तर मात्र त्याच क्षणी तुम्हाला फोन करीन.' हे ऐकून आई जरा दुखावतात. पण मुलगी पहिल्यांदाच वर बघते.

फी भरणाऱ्या नवऱ्यालाही हेच सांगायचं. 'पैसे मी देतोय' हे वाक्य येणारच. उत्तर तयार ठेवा: 'पावती तुमच्या नावाने देते. बोलणं त्यांचं.'

हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर छापून सही घ्या. संमतिपत्र इंग्रजीतलं चार पानी असेल तर लोक बँकेच्या फॉर्मसारखी सही करून मोकळे होतात. त्याच पानावर अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर असतो. तो नंबर कोणाचा, नातं काय, त्या व्यक्तीला हे माहीत आहे का, हे तोंडी विचारा. का, ते पुढे येतंय.

पायरी चौथी: पैसे

भीड भिकेची बहीण, हे आपल्या धंद्याला जितकं लागू आहे तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या धंद्याला असेल. 'दुःख ऐकायचे पैसे घेता?' हे वाक्य नातेवाईक बोलतातच, आणि आपल्याही मनात कुठेतरी ते असतं. म्हणून आपण फी पुटपुटतो.

सुरुवातीला एक जण 'ताई, पुढच्या वेळी देते' म्हणायची. मी 'हो हो' म्हणायचे. तीन सेशनची फी थकली आणि चौथ्या वेळी ती आलीच नाही. वर्षभराने तिनेच सांगितलं की लाजेने पाऊल उचलत नव्हतं. मला वाटत होतं मी उदार आहे. तिच्यासाठी मी उधारी साठवणारा वाणी झाले होते.

हिशेब असा मांडा. समजा फी 1200 रुपये आणि खोली तासाला 300. आठवड्याला 16 सेशन ठरली तरी प्रत्यक्षात 12 होतात, म्हणजे महिन्याला साधारण 50. हातात 60,000, त्यातून भाडं 15,000, दोन सुपरव्हिजनचे, म्हणजे आपलं काम अनुभवी व्यक्तीला दाखवण्याचे, 3,000, प्रवास, फोन, छपाई. उरतात चाळीसेक. त्यात पावसाळा आणि मे महिना वेगळा धरा. मे महिन्यात अर्धी मुंबई गावाला जाते आणि तिच्याबरोबर तिचं डिप्रेशनही. हा आकडा डोळ्यांसमोर असला की कमी फीच्या किती जागा ठेवता येतील ते कळतं. मी सहातली एक ठेवते. ती कोणाला द्यायची हे पहिल्या सेशनला ठरवते आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलू असं तेव्हाच सांगते. मधेच दया येऊन फी कमी करत नाही.

फी सेशनच्या सुरुवातीला घ्या. रडून झाल्यावर जीपेचा क्यूआर पुढे करणं दोघांनाही अवघड जातं.

भेटवस्तूंचं थोडक्यात: दिवाळीच्या फराळाचा डबा मी घेते, कारण तो नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. साडी, पाकीट, सोनं घेत नाही. लग्नाच्या पत्रिकेवर 'मनापासून आनंद झाला, पण मी येणार नाही. मला कोण म्हणून ओळख करून द्याल?' असं विचारते. त्यावर बहुतेक जण स्वतःच हसतात.

पायरी पाचवी: नोंदी अशा लिहा की न्यायाधीशांनी वाचल्या तरी चालतील

वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला साक्षीपुराव्याच्या कायद्याने संरक्षण आहे. समुपदेशकाला ती ढाल नाही. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचे अर्ज चालतात, तिथे एखाद्या दिवशी तुमची वही मागवली जाऊ शकते.

माझ्या जुन्या वहीतलं एक वाक्य: 'नवरा नार्सिसिस्ट वाटतो, सासूचं वर्चस्व, ही खोटं बोलत असावी.' ज्याला मी कधी पाहिलंही नाही त्याचं निदान मी एका ओळीत करून टाकलं होतं. आज तीच नोंद अशी असती: 'घरातल्या भांडणाबद्दल बोलल्या. झोप तीन-चार तास. जीव देण्याचे विचार आहेत का विचारलं, नाही म्हणाल्या. श्वासाचा सराव केला. पुढच्या वेळी: झोपेचं टिपण आणणार.' काय झालं, काय विचारलं, काय केलं, पुढे काय. ऐकीव गोष्ट लिहिलीच तर 'त्या म्हणाल्या' असं लिहून. धोक्याबद्दल विचारलं आणि उत्तर 'नाही' आलं, तरी ते लिहायचंच.

वकिलाचं पत्र किंवा व्हॉट्सॲप आलं म्हणून काहीही द्यायचं नाही, 'हे तुमच्याकडे येतात का?' या प्रश्नाचं उत्तरसुद्धा. न्यायालयाचा आदेश आला तर क्लायंटला सांगा, स्वतःचा वकील गाठा आणि मागितलं आहे तेवढंच द्या. 'हिला पोटगी मिळावी म्हणून एक चांगलं पत्र द्या' अशी विनंती आली तर 'अमुक तारखेपासून अमुक इतक्या वेळा आल्या' यापलीकडे मी लिहीत नाही, तेही क्लायंटने लेखी मागितलं तरच.

वहीवर नाव नको, क्रमांक हवा. क्रमांक आणि नावांची यादी दुसऱ्या कुलुपात. फोनवर नोंदी ठेवत असाल तर त्याची वेगळी परवानगी घ्या. घरातल्या मुलांना ज्याचा पासवर्ड माहीत आहे अशा फोनवर तर मुळीच नकोत.

पायरी सहावी: 'सगळं संपवून टाकावंसं वाटतं'

आपल्याकडे हे थेट क्वचित बोललं जातं. 'सुटका व्हावी', 'झोपले की उठूच नये', 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं काहीतरी येतं. तिथे थांबा आणि साध्या मराठीत विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने ते डोक्यात भरवलं जातं, ही भीती निराधार आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. 'तसलं काही नाही ना मनात?' असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर त्यातच दिलेलं आहे.

हो म्हटलं तर घाई न करता पुढे विचारत जा. विचार किती वेळा येतो, कसं करायचं हे ठरवलंय का, त्यासाठी लागणारं हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का, आणि आजवर कशाने थांबलात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका, पुढचा आधार त्यातच असतो. पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरत असाल तर एकूण गुण कितीही कमी येवोत, नववा, याच विचारांबद्दलचा प्रश्न वेगळा वाचा.

धोका तातडीचा नसेल तर सुरक्षिततेचं पान दोघांनी मिळून, त्यांच्याच अक्षरात लिहा. लाट येते आहे हे कशावरून ओळखू येतं; एकट्याने काय करता येतं; कोणाजवळ, कुठे जाऊन बसता येतं; मदत मागायला कोणाला फोन करायचा; कोणते डॉक्टर, कोणती हेल्पलाइन; आणि घरातली कोणती वस्तू आज कोणाच्या ताब्यात द्यायची. एकाने 'कुठे' याच्यापुढे लिहिलं होतं, 'दादर चौपाटी, पण एकट्याने नाही, मामाबरोबर.' असं नेमकं हवं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्या पानावर लिहा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येतं.

धोका तातडीचा असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही.

जुलैमधला शुक्रवार होता. तिशीचा एक जण, चार सेशन झालेली. पाचव्याला म्हणाला, आज ठरवलंय. मी फॉर्म काढला, अडचणीच्या वेळचा नंबर लावला. समोरच्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तिथे स्वतःचाच दुसरा नंबर लिहिला होता. आम्ही दोघंही त्या वाजणाऱ्या खिशाकडे बघत राहिलो.

मग त्यालाच विचारलं, 'कोणाला बोलावू?' बऱ्याच वेळाने त्याने डोंबिवलीच्या भावाचं नाव घेतलं. पावसाने सेंट्रलच्या गाड्या रखडल्या होत्या, भावाला पोचायला अडीच तास लागले. पुढच्या क्लायंटला मी दारातच 'आज जमणार नाही, कारण सांगू शकत नाही' म्हटलं. चहा मागवला. आम्ही फार काही बोललो नाही. तो मधूनमधून विचारत होता, 'पोलीस केस होईल का?' ही भीती फार जणांना गप्प ठेवते, म्हणून नीट माहीत करून घ्या. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017चं कलम 115 धरून चालतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम 309सारखं, नुसत्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम नाही. त्याने तर अजून काहीच केलं नव्हतं. भाऊ आला, तिघं टॅक्सीने जवळच्या महापालिका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत गेलो. मी माझ्या चिठ्ठीत काय विचारलं, काय उत्तर मिळालं, किती वाजता, एवढंच लिहून दिलं.

त्यानंतर मी फॉर्मवरचा नंबर प्रत्येकाला तोंडी विचारते.

पायरी सातवी: फोन आणि ऑनलाइन सेशन

कामाचा नंबर वेगळा ठेवा. त्यावर स्टेटस नाही, डीपीत घरच्यांचा फोटो नाही. मेसेज फक्त वेळ बदलण्यापुरता. रात्री पावणेबाराला 'झोप येत नाहीये' असा मेसेज आला आणि तुम्ही एकदा उत्तर दिलंत, की तुमची झोप त्या दिवसापासून सार्वजनिक झाली. 'रात्री मी फोन बघत नाही, तेव्हा 14416 लावा' हे संमतिपत्रातच असू द्या.

ऑनलाइनमध्ये मुंबईचा खरा प्रश्न नेटवर्कचा नाही, जागेचा आहे. वन रूम किचनमध्ये पाच माणसं. माझे क्लायंट गच्चीवरच्या टाकीमागून बोलले आहेत, पार्क केलेल्या गाडीतून, जिन्यातून, एक मुलगी तर नळ सोडून न्हाणीघरातून. आधी ठरवा: इअरफोन हवाच, आणि एक परवलीचं वाक्य. कोणी आलं तर एकीने म्हणायचं असं ठरवलं होतं, 'पार्सल उद्या येईल ना?' मग मी पार्सलबद्दल बोलायचे. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला 'आत्ता नेमक्या कुठे आहात?' हे विचारून पत्ता टिपून घ्या. वेळ आली तर मदत कुठे पाठवणार?

पायरी आठवी: 'कसंतरी होतं'

पुस्तकातलं डिप्रेशन आपल्याकडे वेगळे कपडे घालून येतं. जीव घाबरतो, डोकं उठतं, कशात मन लागत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'कसंतरी होतं'. 'टेन्शन' हा शब्द तर कर्ज, परीक्षा, सासू आणि पॅनिक अटॅक अशा सगळ्याला पुरतो. या शब्दांचं लगेच भाषांतर करू नका. 'कसंतरी म्हणजे कुठे? पोटात की छातीत? सकाळी जास्त की दिवेलागणीला?' असं विचारा. उलट प्रकारचेही भेटतात. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था 1990 पासून काम करते आहे आणि त्याआधीपासून कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी ही विवेकी विचारपद्धती मराठीत रुजवली. त्यामुळे काही जण येतानाच 'मॅडम, हा माझा अविवेकी विचार आहे ना?' असं स्वतःचं निदान घेऊन येतात. त्यांना आधी नुसतं वाईट वाटू द्यावं लागतं.

आणि आडनाव. 'तुमचं गाव कोणतं?' हा प्रश्न अनेकदा गावाबद्दल नसतो. एक तरुण माझं आडनाव ऐकल्यावर महिनाभर फक्त ऑफिसच्या कामाबद्दल बोलत राहिला. हॉस्टेलवर जातीवरून काय झालं ते पाचव्या सेशनला आलं. तेही मी 'माझं आडनाव ऐकून इथे काही बोलावंसं वाटत नाही, असं होतंय का?' असं विचारल्यावर. मी ते पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आता विचारते. 'नाही नाही, तसं काही नाही' असंच उत्तर येतं, पण दार उघडं आहे एवढं कळतं.

पायरी नववी: आपलं काय

सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी व्यक्तीपुढे आपलं काम उघडं करून ठेवणं. महिन्यातून दोनदा, पैसे देऊन. शिवाय आम्ही चौघी महिन्यातून एकदा भेटतो. आधी इराण्याकडे भेटायचो. एकदा नाव न घेता एका केसबद्दल बोलत असताना पलीकडच्या टेबलावरची बाई वळून बघू लागली. मुंबई दोन कोटींची असली तरी शेजारच्या टेबलावर कोणाची तरी मावसबहीण असतेच. आता एकीच्या घरी, दार लावून बसतो.

वडील गेले तेव्हा मी चौदाव्या दिवशी कामावर आले. तेराव्यापर्यंत सुट्टी, मग काम, असा सरळ हिशेब. तिसऱ्याच सेशनला एक बाई वडिलांच्या आयसीयूबद्दल बोलू लागल्या आणि मी त्या बोलत असताना मनात आमच्या हॉस्पिटलच्या बिलाची बेरीज करत होते. त्यांना कळलं नाही. पण मला कळलं. सुपरव्हायझरने एकच विचारलं, 'पुढचे दोन महिने वडील गेलेले क्लायंट तू कोणाकडे पाठवणार?' दुसऱ्या समुपदेशकाचं नाव कळवलं तेव्हा लाज वाटली होती, आता वाटत नाही.

दिवसाला पाच सेशनच्या वर घेऊ नका. सहावा माणूस फी पूर्ण देतो आणि त्याला तुम्ही अर्धेच मिळता.

पायरी दहावी: निरोप आणि लिफाफा

थांबणं आधीपासून बोला. 'बरं वाटतंय' असं दोन-तीनदा आलं की मी विचारते, 'आता पंधरा दिवसांनी भेटायचं का?' मग महिन्याने, मग शेवटचं सेशन तारीख ठरवून. न सांगता येणं बंद केलेल्याला मी एकच मेसेज करते, 'तुमची वेळ शुक्रवारपर्यंत ठेवते आहे, नंतर दुसऱ्यांना देईन. पुन्हा यावंसं वाटलं तर केव्हाही कळवा.' दुसरा मेसेज करत नाही.

राहिला लिफाफा. उद्या मी लोकलमधून उतरताना पडले, महिनाभर हॉस्पिटलात राहिले किंवा गेलेच, तर सोमवारी पाच वाजता बाकावर बसणाऱ्या माणसाला कोण सांगणार? रिसेप्शनवरच्या मुलाकडे फक्त वेळा आहेत, नवऱ्याला नावं माहीत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. म्हणून एका सहकारी समुपदेशकाच्या कपाटात माझा बंद लिफाफा असतो. सध्याच्या क्लायंटचे क्रमांक, नावं, फोन, प्रत्येकाला काय शब्दांत सांगायचं आणि कोणाकडे पाठवायचं. वहीच्या कपाटाची दुसरी किल्लीही तिच्याकडे. असा लिफाफा आहे हे क्लायंटना संमतिपत्रात सांगितलेलं असतं. दर तीन महिन्यांनी मी नवा नेऊन देते, जुना आम्ही तिच्या गॅलरीत फाडतो, आणि ती तिचा माझ्याकडे देते.